‘प्राण’च्या जागी ‘प्रारण’ वाचावे

“मग बाहेर येतो कधी?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

त्यांच्या डाव्या हातात छपाईचे खिळे जुळवायची स्टिक होती, उजव्या हाताची बोटं खिळ्यांच्या खणाखणांच्या केसवर थांबली होती आणि नजर चष्म्यावरून माझ्यावर होती. समोर मी करून दिलेली वीस पानांची सुवाच्य प्रत. अजून एकही खिळा उचललेला नव्हता.

“लाखभर वर्षं लागतात,” मी म्हटलं.

“सूर्यावरनं इथं यायला?”

“नाही हो. सूर्याच्या पोटातून सूर्याच्या कातडीपर्यंत यायला. तिथून इथं यायला आठ मिनिटं.”

चाचांनी स्टिक खाली ठेवली. “शालनबाई, माझा अजून दुपारचा चहा झालेला नाही. घाई करू नको. नीट सांग.”

ही त्यांची पद्धत. नोंद कशाची आहे ते कळल्याशिवाय ते जुळणीला हात घालत नसत. बाकीचे जुळारी डोळ्यांना दिसेल ते जुळवायचे. चाचा म्हणायचे, अर्थ कळला नाही तर बोटांना खिळा सापडत नाही. अकरा वर्षांत त्यांनी ‘अंकगणित’पासून ‘ढेकूण’पर्यंतचं सगळं ज्ञान असं उभ्या उभ्या वसूल केलं होतं.

मिरजेतलं आमचं विज्ञानकोशाचं कार्यालय दोन मजल्यांचं होतं. वर संपादक, खाली छापखाना. सन १९७४. मी नुकती बी.एस्सी. झालेली, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. माझी कामं दोन. प्राध्यापकांच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरांची सुवाच्य प्रत करायची, आणि चुकांची वही ठेवायची. वहीत चार रकाने: तारीख, पान, चूक, कुणाची. पहिले तीन नियमानुसार होते. चौथा मी मोठ्या आवडीनं भरत असे. कुणाच्या नावावर किती ऱ्हस्व-दीर्घ, कोण सोमवारी जास्त चुकतो, कोण बायको माहेरी गेली की सुधारतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. चाचांच्या नावावर सर्वांत कमी होतं, आणि ते मला थोडं खुपायचंच.

“ह्या वहीत तुझं पान कुठाय?” ते मला डिवचायचे.

“माझी चूक झाली की उघडीन.”

“मग कोरा कागद उगाच वाया.” हे कौतुक होतं की टोमणा, ते मला सहा महिन्यांत कळलं नव्हतं.

तर त्या मंगळवारी नोंद होती ‘तारे : प्रारण व द्रव्य’. प्रारण म्हणजे ताऱ्यातून बाहेर पडणारी ऊर्जा. प्रकाश, उष्णता, क्ष-किरण, सगळं त्यातच आलं. लेखक सांगलीचे प्राध्यापक हसबनीस.

“आत प्रकाश तयार होतो, ते कळलं,” चाचा म्हणाले. “तयार झाला की सुटायचं भुर्रकन. लाख वर्षं करतो काय आत?”

“आत दाटी आहे. सेंटिमीटरभर गेला नाही तोच कुणीतरी अडवतं. असं समजा, उरुसात तुम्ही दर्ग्याच्या दारातनं लक्ष्मी मार्केटकडं निघालात. ओळखीचा एक भेटला, त्यानं मिठी मारली. सोडलं तेव्हा तुमचं तोंड भलतीकडं. दोन पावलांवर दुसरा. त्याचंही तेच.”

“आणि मी मार्केटात पोचलो लाख वर्षांनी.”

“तुम्ही नाहीच पोचलात. पहिल्यानं तुम्हाला गिळलं. शोषण. मग त्यानं आपल्यातनं दुसरा सोडला. उत्सर्जन. असं पुन्हा पुन्हा.”

“शोषण आमच्या युनियनचा शब्द आहे, तो इथं कशाला?” त्यांनी हसून घेतलं. “म्हणजे दारातनं निघाला दस्तगीर आणि मार्केटात पोचला याकूब.”

“अगदी! आणि निघाला तेव्हा भयंकर कडक होता, जाळून टाकणारा. एकाचे शंभर, शंभराचे हजार होत होत बाहेर येईतो मऊ ऊन होतं. पापड वाळवण्यापुरतं.”

“मग अडवणाऱ्यांचे उपकारच म्हणायचे,” चाचा म्हणाले आणि प्रत जवळ ओढली.

तेवढ्यात खुद्द हसबनीस सर आकृत्यांची गुंडाळी घेऊन आले. काखेत एक लाकडी पेटी. पेटीच्या एका टोकाला दाढीची दोन पाती अगदी जवळ जवळ बसवून फट केलेली, आत लोलक. त्यांनी ती खिडकीतल्या उन्हाकडं धरली आणि आधी मला, मग चाचांना डोळा लावायला सांगितला.

“काय दिसतं?”

“रंगांची पट्टी,” चाचा म्हणाले. “आणि मधेमधे बारीक काळे रूळ, छापायच्या रेघा असतात तसले, टाकलेत. कुणी टाकले?”

“कुणी टाकले नाहीत. तिथला उजेड आलेलाच नाही. सूर्याभोवतीच्या थंड वायूनं तेवढाच गिळला. लोखंड आपल्याला हवा तो गिळतं, सोडियम आपल्याला हवा तो. जो आला नाही त्यावरून वाटेत कोण उभं होतं ते आम्ही ओळखतो. कळलं का मगदूमबाई? लोक आलेलं मोजतात. तुम्ही न आलेलं बघायला शिका.”

मी मान डोलावली. माझं अर्धं लक्ष झोळीतल्या पत्राकडं होतं.

ते पत्र म्हणजे साधं पोस्टकार्ड, आदल्या दिवशी दुपारच्या टपालानं आलं होतं. वडिलांचं. ‘मार्चअखेर कायम झालीस तर आमचं काही म्हणणं नाही. नाही झालीस तर गावी ये. मामांनी स्थळ आणलंय, घरची पिठाची गिरणी आहे. या आठवड्यात येऊन एकदा दाखवून जा.’ माझ्या गावातल्या मैत्रिणीनं वेगळ्या शाईत खाली लिहिलं होतं: मुलगा बरा आहे, फक्त भुवयांवरसुद्धा पीठ असतं. मामांना नको म्हणणं वडिलांना जमत नसे, आणि मला वडिलांना नको म्हणणं जमत नसे.

आणि कायम होणं काही सोपं नव्हतं. आमचे संपादक भाऊसाहेब निजसुरे यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “उमेदवारीत एक घोडचूक, आणि नमस्कार.” माझ्या आधीच्या दोघांना त्यांनी असा नमस्कार केलेला होता.

प्रत पुरी झालीच होती. चाचांच्या हवाली करून मी संध्याकाळच्या एस.टी.नं गावी गेले, दाखवून घेतलं, मार्चअखेरीचा वायदा केला आणि आठवड्यानं परत आले. तोवर चाचांनी नोंद जुळवली होती, मी नसल्यानं प्रूफ स्वतः भाऊसाहेबांनी वाचलं होतं, आणि तो फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छापून झाला होता.

२८ मार्चला सकाळी हसबनीस सर छापलेला फर्मा हातात घेऊनच जिना चढले. भाऊसाहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावणं आलं, मला आणि चाचांना. सर उभ्यानंच वाचू लागले.

“‘ताऱ्याच्या गाभ्यात प्राण कोंडलेला असतो. द्रव्य प्राणाला क्षणोक्षणी अडवते. अखेर प्राण ताऱ्याबाहेर पडतो.’ भाऊसाहेब, मी ताऱ्याची नोंद लिहिली होती की मृत्युलेख?”

सरांना हसू आवरत नव्हतं. भाऊसाहेबांना मात्र कागदाचा हिशेब दिसत होता. त्या वर्षी कागदाची अशी टंचाई होती की वर्तमानपत्रं चार पानांवर आली होती; फर्मा पुन्हा छापायचा म्हणजे कोश सहा महिने लांबणीवर. प्रूफ कुणी वाचलं होतं हा विषय खोलीत कुणी काढला नाही. मीही नाही. मला नोकरी हवी होती.

“किती ठिकाणी?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“एकेचाळीस. मी मोजले. सगळे मधल्या भागात. माझ्या हस्तलिखितात सगळीकडे ‘प्रारण’ आहे, हे पाहा.”

“म्हणजे एकतर प्रतीत चूक, नाहीतर जुळणीत. मगदूमबाई, प्रत तुमची?”

“हो. मी ‘प्रारण’च लिहिलंय,” मी म्हटलं. छाती पुढं काढून म्हटलं. आजही तो आवाज कानात आहे.

“प्रत आणा.”

कोश बाहेर पडेपर्यंत प्रतीची पानं तारेला टोचून ठेवायची असा छापखान्याचा नियम. चाचांनी तार आणली. पानं एक ते आठ होती. पंधरा ते वीस होती.

“मधली?”

“चहा सांडला,” चाचा म्हणाले. “लगदा झाला. टाकून दिली.”

“टाकून दिली? अकरा वर्षं काम केल्यावर प्रत टाकून दिली? आणि हे एकेचाळीस प्राण कुठून आणलेत?”

चाचांनी टोपी काढून हातात घेतली. “साहेब, मला वाटलं, आत असतो तोवर प्राण म्हणतात, बाहेर पडला की प्रारण. बाईंनी समजावलं तेव्हा मला तसंच वाटलं. आत ताऱ्याचा जीवच असतो की तो.”

हसबनीस सर खो खो हसले. भाऊसाहेबसुद्धा मिशीत हसले. आणि मी? सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. सुटका झाल्यावर माणूस कसं हसतं ते मला त्या दिवशी कळलं, फक्त ते माझंच हसणं आहे हे कळायला दुपार जावी लागली.

निकाल तिथल्या तिथं झाला. फर्मा ठेवायचा, शेवटी शुद्धिपत्र जोडायचं. दस्तगीरना कोशाच्या जुळणीवरून काढून फुटकळ कामाला लावायचं: लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. आणि मी दाराशी पोचले तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, “मगदूमबाई, तुमचा कायमचा कागद सही करून ठेवलाय. घेऊन जा.”

दुपारी मी वही उघडली. एकेचाळीस चुका एका माणसाच्या नावावर, हा आमच्या कोशाचा विक्रम होता. मी तो चवीचवीनं, ओळ अन् ओळ लावून लिहायला बसले. पहिली चूक: पान २१३, उजवा स्तंभ, ओळ सतरा.

तिथंच माझी पेन्सिल थांबली.

‘सूर्याचे अंतरंग’ हा मथळा त्याच पानावर होता, पण डाव्या स्तंभात. मथळ्याखाली दोन परिच्छेद नीट होते. त्यांत ‘प्रारण’ तीनदा आलं होतं, तिन्ही वेळा बरोबर. चाचा म्हणाले होते तसं आत प्राण आणि बाहेर प्रारण असतं, तर चूक मथळ्यापासून सुरू व्हायला हवी होती. ती सुरू झाली होती एका परिच्छेदाच्या मध्यावर, ‘मात्र ही दाटी’ या शब्दांपासून.

‘मात्र ही दाटी.’ हे शब्द मी कुठं पाहिले होते? छापलेले नव्हे, माझ्या अक्षरात. नवव्या पानाच्या डोक्यावर. आठवं पान संपवलं तेव्हा टपाल आलं होतं. पत्र वाचलं, पॅडखाली सरकवलं आणि ‘मात्र ही दाटी’ लिहिलं. मग भुवयांवरच्या पिठाचा विचार करत घाईघाईनं सहा पानं ओढली. पंधरावं पान दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, ताज्या डोक्यानं. एकेचाळिसावी चूक चौदाव्या पानाच्या शेवटच्या ओळीत होती. पुढं एक नाही.

मी खाली जाऊन तार काढली. आठव्या पानाला चहाचा ठिपका नव्हता. पंधराव्याला नव्हता. सांडलेला चहा वरच्या पानाला न शिवता मधल्या सहा पानांवर बरोबर उतरला होता आणि खालच्या पानाआधी थांबला होता. त्या सहा पानांच्या जागी तारेवर नुसती फट होती. आलेलं सगळे मोजतात. न आलेलं बघा, असं सर म्हणाले होते. वाटेत कोण उभं होतं ते मला दिसलं.

चाचा कोपऱ्यातल्या केसशी बसून कुणा म्हेत्रे-शिंत्रे यांची लग्नपत्रिका जुळवत होते.

“चाचा, ती पानं कुठायत?”

“चहा…”

“चाचा.”

त्यांनी माझ्या हातातली तार पाहिली. मग केसच्या वरच्या ओळीतलं ‘ङ’चं घर उघडं केलं. महिन्यातून एकदा लागणारं अक्षर. खिळ्यांच्या खाली घडी घातलेले सहा कागद होते, कोरडे ठणठणीत. माझं अक्षर. ‘प्राण’, ‘प्राण’, ‘प्राण’. पहिल्यांदा घाईत ‘र’ सुटला आणि मग हाताला तीच सवय लागली.

“जुळवताना तुम्हाला कळलं होतं?”

“नाही. खोटं कशाला सांगू? मला खरंच वाटलं, आत असतो तोवर प्राण. मला ते आवडलंसुद्धा.” ते थोडे लाजले. “काल सरांचा निरोप आला तेव्हा प्रत बघितली. पहिल्या पानांत बरोबर, मधेच बिघडलंय. तेव्हा कळलं, पोरीचा हात कुठंतरी भरकटला.”

“मी आत्ता भाऊसाहेबांकडं जाते.”

“जा. आणि मग गावी जा. गिरणीचा पट्टा कसा चढवायचा ते शिक.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“रोज टपालवाला आधी खाली येतो, मग वर जातो. आणि कार्ड उघडंच असतं.” त्यांनी एक खिळा उचलला, उजेडात धरला, स्टिकमध्ये बसवला. “हे बघ. माझी अकरा वर्षं झालीत. त्यात एकेचाळीस चुका मावतात. तुझे सहा महिने. त्यात एक मावत नाही.”

“पण कोश…”

“कोश कुठं जातो? जुळवायला चार हात आहेत. अर्थ सांगणारी तू एकटी.” आणि आवाज बारीक करून, “सकाळी फार मोठ्यानं हसलीस हां. तेवढं बोचलं.”

मी तिथंच केसवर डोकं टेकून रडले. ते ओरडले, “अगं, खिळे भिजतील, शिसं आहे ते!” आणि आपला रुमाल पुढं केला. त्याला शाईचा वास होता. माझ्या कपाळावर त्या दिवशी निळा डाग राहिला तो दोन दिवस गेला नाही.

मी भाऊसाहेबांकडं गेले नाही. सांगायचं तर फार आढेवेढेही घेतले नाहीत. बावीस वर्षांची होते, माझ्या जागी कुणी उभं राहिलं होतं, आणि मला ते हवं होतं. वडिलांना कायम झाल्याचं कळवलं. गिरणीवाल्यांनी दुसरीकडं बघितलं.

शुद्धिपत्र चाचांनीच जुळवलं. कोशातलं त्यांचं शेवटचं काम. ‘पृष्ठे २१३ ते २१६ : “प्राण”च्या जागी “प्रारण” वाचावे.’ प्रूफ देताना म्हणाले, “तपास. तुझ्याच अक्षराचं आहे.”

पुढं नऊ वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, दर शनिवारी दुपारी मी नव्या नोंदीची प्रत घेऊन फुटकळ कामाच्या कोपऱ्यात जायची. ते लग्नपत्रिका जुळवायचे आणि मी सांगायची, पेशी कशी दुभंगते, भरती का येते, काचेतून ऊन आत येतं पण उष्णता बाहेर का जात नाही. कधी त्यांचा प्रश्न असा यायचा की मी वर जाऊन नोंदीतलं वाक्य बदलायची. आमच्या कोशाची भाषा सोपी आहे असं लोक म्हणतात. भाऊसाहेबांना वाटायचं, ते श्रेय त्यांचं.

चुकांच्या वहीत मी त्या दिवशी काहीच लिहिलं नव्हतं. पान २१३ इथं पेन्सिल थांबली ती थांबलीच. चाचांच्या नावावर त्या एकेचाळीस कधी चढल्या नाहीत. माझ्या नावाचं पान मात्र उघडायचं राहून गेलं. आधी धीर नव्हता, नंतर मी संपादक झाले आणि वही ठेवणारं दुसरं कुणीतरी आलं.

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या साली कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. खिळे गेले, केस भंगारात गेल्या. ‘ङ’चं घर तेवढं मी कापून घेतलं, माझ्या टेबलावर त्यात टाचण्या असतात. जुळणी संगणकावर अश्विनी करते. हुशार मुलगी, आणि चुकांची वही तिच्याकडंच आहे. दुसऱ्यांची पानं ती फार आवडीनं भरते.

त्या आवृत्तीसाठी ‘तारे’ नोंदीची अखेरची तपासणी करताना ती माझ्या टेबलाशी आली होती.

“बाई, जुन्या शुद्धिपत्राप्रमाणे चाळीस ठिकाणी दुरुस्ती झालीय. एक राहिलंय. शेवटचं. हे बघा, ‘तारा जळतो म्हणून नव्हे, तर त्याचे द्रव्य अडवते म्हणूनच हा प्राण आपल्यापर्यंत सोसवेल असा पोचतो.’ इथं ‘र’ घालायचा राहिलाय.”

“राहू दे.”

“राहू दे? बाई, चूक आहे ती.”

“आहेच.”

ती गोंधळून उभी राहिली. खिडकीतून मार्चचं ऊन तिच्या हातातल्या कागदावर पडलं होतं, पापड वाळवण्यापुरतं.

“मग वहीत कुणाच्या नावावर लिहू?”

“कोरं पान घे,” मी म्हटलं. “वर माझं नाव घाल. फार दिवसांचं राहिलंय.”